टेपातला पिवळा उजेड

गुंडाप्पांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं असेल तर एक अट पाळावी लागते. टेपाच्या बटणांना हात लावायचा नाही. गाणं आवडलं नाही तर खिडकीबाहेर बघावं, आवाज जास्त वाटला तर तोंडानं सांगावं, पण बोट तिकडं न्यायचं नाही. एकदा तुळजापूरच्या एका नव्या पाहुण्यानं सहज म्हणून बटण दाबायला हात पुढं केला, तर गुंडाप्पांनी गाडी कडेला घेतली आणि शांतपणे म्हणाले, "मागं बसा." तो बिचारा धाराशिवपर्यंत मागच्या सीटवर माझ्या पिशवीशेजारी अंग चोरून बसला होता.

मी अणदूरची सून. धाराशिवला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. सात वर्षं झाली, गुंडाप्पांच्या पांढऱ्या गाडीनं अप-डाऊन करते. सकाळी आठला अणदुरातून निघायचं, नळदुर्ग, तुळजापूर करत दहाच्या आत धाराशिव गाठायचं. आम्ही तीन-चार नोकरदार ठरलेले. आम्हाला उतरवून गुंडाप्पा कोर्टामागच्या लिंबाखाली गाडी लावतात आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत तिथंच थांबतात. डबा तिथंच, वामकुक्षी तिथंच, पेपरही तिथंच. साठीला टेकलेला उंच, सडसडीत माणूस, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. मराठी बोलतात, पण घरात कन्नड. रागावले की आवाज चढत नाही, उलट खाली जातो, आणि तेच जास्त वाईट.

ह्या अटीमागं टेपाचा पिवळा उजेड होता. त्याची गोष्ट मला ठाऊक होती, कारण तो उजेड लागला तेव्हा मी गाडीतच होते.

गुंडाप्पांना एकुलती एक मुलगी, शिवानी. तिनं धाराशिवला पॉलिटेक्निकला नाव घातलं आणि तीन वर्षं बापाच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसून येणं-जाणं केलं. तोंडाची भारी फटकळ पोरगी. बाप-लेकीचं कन्नडमध्ये सारखं काहीतरी चाललेलं असायचं, आणि मधूनच दोघं हसायची. आम्हाला काही कळायचं नाही, पण आपल्यावरच हसत असावीत अशी मला नेहमी शंका यायची. पुढं ती शंका खरी निघाली, तो भाग वेगळा.

दुसऱ्या वर्षी गुंडाप्पांनी गाडीत नवा टेप बसवला. त्याच्या काचेचा उजेड निळा होता. पहिल्याच दिवशी त्यांची कुरकुर सुरू झाली की हा उजेड डोळ्यात खुपतो, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. शिवानीनं बटण दाबून धरलं तशी रंगांची यादी आली. सात रंग होते आणि एकही गुंडाप्पांच्या पसंतीला उतरेना. त्यांना पिवळा हवा होता, आणि तोही कुठलाही नाही, खंडोबाच्या भंडाऱ्याचा. आमच्या अणदूरला खंडोबाचं ठाणं आहे. तिथल्या माणसाला पिवळा म्हटलं की दुसरा रंग आठवतच नाही.

"सातात नसला म्हणून काय झालं, आपण करू की," शिवानी म्हणाली. "लाल अन् हिरवं वाढवलं की पिवळं होतंय."

"मला शिकवायलीस व्हय? लाल अन् हिरवं कालवलं की चिखल होतोय."

"रंग कालवल्यावर, अप्पा. उजेड कालवल्यावर न्हाय."

आणि खरंच तिनं ते बटण हळूहळू फिरवलं आणि निळ्याचा लाल, लालाचा केशरी आणि केशरीचा पिवळा झाला. गुंडाप्पांनी गाडीचा वेग कमी केला. मग नळदुर्गपासून अणदूरपर्यंत दोघांचं एकच चाललं. "अजून जरा." "झालं?" "लई झालं, मागं घे." "आता?" "लिंबू दिसायलंय, लाल वाढव." मागं बसलेले आम्ही भुकेनं कळवळलो होतो आणि हे दोघं वीस मिनिटं एका चतकोर काचेत डोकं घालून बसले होते. अणदूरच्या वेशीपाशी गुंडाप्पा म्हणाले, "बास. हेच." शिवानीनं बटण एकदा दाबून रंग पक्का केला आणि बोट काढलं. पुढं सहा महिने गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ऐकवलं की लाल आणि हिरव्यातनं पिवळं होतं आणि हे माझ्या मुलीनं केलंय.

शिक्षण संपल्यावर गुंडाप्पांनी अक्कलकोटकडच्या एका घरी तिच्यासाठी शब्द दिला. शब्द देताना तिला विचारायचं राहून गेलं. राहून गेलं असं ते म्हणतात. मी म्हणते, विचारलंच नाही. शिवानीनं महिन्याभरात आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या उमाशंकरशी धाराशिवला नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगा सालस, निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून गुंडाप्पांनी मुलाला नाव ठेवलंच नाही. त्यांचं म्हणणं एकच, माझा शब्द गेला. अक्कलकोटच्या लोकांपुढं त्यांना हात जोडावे लागले होते. त्या दिवसापासून ते मुलीशी बोलले नाहीत.

तीन वर्षं झाली. शिवानी राहायची कुठं, तर धाराशिवातच. कोर्टामागच्या ज्या लिंबाखाली गुंडाप्पा दिवसभर गाडी लावून बसत, तिथून चालत दहा मिनिटांवर. रोज साठ-पासष्ट किलोमीटर गाडी हाकत हा माणूस लेकीच्या गावी येत होता, आठ तास बसून राहत होता आणि परत जात होता. एवढा हट्ट मी माझ्या कचेरीतल्या साहेबांतही पाहिलेला नाही.

आई मात्र बोलायची. गुंडाप्पांच्या बायकोनं, शिवगंगाकाकूंनी, आपला मार्ग काढला होता. रोज रात्रीच्या भाकरी थापताना त्या लेकीला फोन लावायच्या आणि हात पिठाचे आहेत ह्या सबबीवर फोनचा आवाज मोठा करून ठेवायच्या. गुंडाप्पा पलीकडं सोप्यात पेपर वाचत बसलेले. सकाळी वाचलेला पेपर. एकदा शिवानीला ताप आलाय असं फोनवरून कळलं, तर दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी मला विचारलं, "ताई, हल्ली तापाची साथ हाय का हो धाराशिवात?" मी म्हटलं, "तुम्हीच जाऊन विचारा की." त्यांनी टेपाचा आवाज वाढवला.

आमच्या भागात लेक आपणहून माहेरी येत नाही. पंचमीला, दिवाळीला तिला आणायला माहेराहून कुणीतरी जावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, नाहीतर बाप. मुराळी आलाच नाही तर लेक कितीही जवळ असली तरी सासरच्या उंबऱ्यात बसून राहते. आता शिवानी काही जुन्या वळणाची नव्हे, एसटीत बसून ती तासा-दोन तासांत अणदूरला आली असती. पण ह्या एका गोष्टीत ती बापाच्या वर होती. "न्यायला आले तर येईन," एवढंच तिनं आईला सांगून ठेवलं होतं. आणि बाप म्हणायचा, आधी तिनं चुकलं म्हणावं. अशा सहा पंचम्या-दिवाळ्या गेल्या.

ह्या सगळ्यात तो पिवळा उजेड तेवढा तसाच होता. आणि यंदा खांडेनवमीला तो गेला.

खांडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. गवंडी थापी पुजतो, शेतकरी नांगर, ड्रायव्हर गाडी. गुंडाप्पा दरवर्षी गाडी धुऊन झेंडूची माळ घालत आणि जॅक, नट आवळायचे पाने पाटावर मांडत. यंदा बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती, सकाळी गाडी उठायला कुरकुरत होती. त्यांनी बॅटरी काढली, गरम पाण्यानं टोकं साफ केली, आणि काढलीच आहे तर तीही पाटावर ठेवू म्हणाले. गाडीचा जीव तो, त्याला पूजेत मान नको का? बॅटरीला पाच बोटं हळदीची, कुंकू, नारळ, सगळं यथासांग झालं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून बॅटरी रात्रभर पाटावरच राहिली. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी ती परत जोडली, किल्ली फिरवली आणि टेप निळा लागला.

वीज तुटली की टेप सगळं विसरतो आणि कारखान्यातनं आला तसा होतो. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. शिवगंगाकाकू मला नंतर म्हणाल्या, "सोनं द्यायला पोरं दारात आली तरी हे गाडीतच बसलेले. म्या म्हणलं काय झालं, तर नुसतं बोट दावलेत."

सुट्टीनंतर मी गाडीत बसले तेव्हा ते आजारी माणसासारखे दिसत होते. मी निळा उजेड बघितला आणि पुढचं काही विचारलं नाही. फटकळपणात मीही कुणाला हार जात नाही, पण त्या दिवशी जीभ आवरली.

मग आठवडाभर एकच उद्योग. धाराशिवात गोरोबाचं गाडीच्या टेपांचं दुकान आहे. गुंडाप्पा तिथं तीनदा गेले. गोरोबानं पिवळा लावून दिला. हे म्हणाले, हा लिंबाचा आहे. दुसऱ्यांदा लावला, तो केळ्याचा निघाला. तिसऱ्यांदा गोरोबानं हात टेकले.

"काका, ह्यात लालाचे बत्तीस टप्पे हायत, हिरव्याचे बत्तीस. हजाराच्या वर रंग बसतेत. तुमचा कंचा, हे मला कसं कळावं? आकडा सांगा, मिनिटात लावून देतो."

आकडा कुणी पाहिला होता? दोघांनी मिळून डोळ्यांनीच ठरवला होता तो रंग. गुंडाप्पांनी गोरोबाला टेप पुन्हा होता तसा निळा करायला लावला आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामानिमित्त कोर्टाकडं गेले होते. लिंबाखाली गाडी होती. गुंडाप्पा आत बसलेले, नाकावर चष्मा, टेपाच्या काचेशेजारी कागदावर चिमूटभर भंडारा ठेवलेला. देवळातून पुडी आणली होती. त्याच्याकडं बघत ते बटण फिरवत होते. उन्हानं भंडारा एकदा उजळ दिसायचा, ढग आला की काळवंडायचा, आणि टेप आपल्या उजेडात वेगळाच. घाम आला होता त्यांना. मी काचेवर टकटक केली तसा त्यांनी कागद घाईनं मुडपला. अर्धा भंडारा मांडीवर सांडला.

"जमंना, ताई," ते म्हणाले. "माझ्या एकट्याच्यानं जमंना."

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. पण कचेरीची वेळ होती, मी तशीच गेले.

त्या रात्री त्यांनी शिवगंगाकाकूंना सांगितलं की फोनवर तेवढा आकडा विचार. म्हणजे तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लेकीच्या फोनमध्ये तोंड घातलं, तेही बायकोच्या तोंडून. काकूंनी विचारलं. शिवानी पलीकडून म्हणाली, "मला आकडा ठाऊक न्हाय. अन् ज्याला पायजे त्यानं विचारावं." आवाज मोठा केलेलाच होता. सोप्यात पेपर खाली पडल्याचं काकूंना ऐकू आलं.

हे काकूंनी मला सकाळी गाडीत बसण्याआधीच सांगितलं. त्या दिवशी बाकीच्यांची रजा होती. गाडीत आम्ही दोघंच. नळदुर्ग मागं पडलं. शेवटी मीच सुरू केलं.

"काका, आपला खंडोबा वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला जातो की नाही?"

"जातो की."

"मग परत कसा येतो? पत्र टाकतो का, मी येतोय म्हणून? आख्खं अणदूर जातं ना त्याला आणायला? देवालासुद्धा माणसं न्यायला जातात, आणि तुमची मुलगी काय देवापेक्षा मोठी लागून गेली, आपली आपण यायला?"

त्यांनी गिअर बदलला. मला थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही. म्हटलं, "माझं माहेर भूमला. वडील होते तोवर दर दिवाळीला एसटीनं यायचे, दोन गाड्या बदलून, गुडघे दुखत असताना. मी म्हणायची, कशाला येता, मी येईन की माझी मी. ते म्हणायचे, तू येशील गं, पण मी आणली असं कसं होईल? आता ते नाहीत. मी माझी माझी जाते. कुलूप काढते, झाडते, दोन दिवस राहते आणि येते. तुम्ही जिवंत असून तिला बापाविना ठेवताय." आणि मला रडू आलं. चांगलं चाळिशी उलटलेली बाई, सकाळी सकाळी, पावडर लावून बसलेली.

गुंडाप्पांनी आपला पंचा माझ्याकडं दिला. तुळजापूर आलं, गेलं. धाराशिवात शिरल्यावर त्यांनी गाडी माझ्या कचेरीकडं न वळवता दुसऱ्याच गल्लीत घातली.

"ताई, जरा उशीर झाला तर चालंल का?" त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "म्या एकटा गेलो तर दारातनं परत यीन."

साहेबांच्या शिव्या खायची माझी तयारी होती. मी म्हटलं, चला.

घर त्यांना बरोबर ठाऊक होतं. एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही, एकदाही वळण चुकलं नाही. हिरव्या फाटकापाशी गाडी थांबली. उतरायचं मात्र होईना. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. शेवटी त्यांनी हॉर्न वाजवला, एकदाच, आखूड. आम्हा पॅसेंजरांच्या दाराशी वाजवतात तसा.

शिवानी बाहेर आली. हात ओले, पदर खोचलेला. गाडी बघून फाटकातच थांबली. अंगानं भरली होती, चेहरा मात्र तोच. गुंडाप्पांनी आतून पुढचं दार ढकललं.

"टेप बिघडलाय," ते समोर बघत म्हणाले. "तुला दावाया आणलोय."

ती येऊन बसली. माझ्याकडं वळून तिनं बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला. मी खिडकीबाहेर बघू लागले, पण कान काही बाहेर नेता येत नाहीत.

"बॅटरी काढलाव?"

"पूजेला."

"पूजेला! अप्पा, बॅटरी कुणी काढतंय का पूजेला?" आणि ती हसली, पहिल्यासारखी, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. तिनं ओल्या हातानंच डोळे पुसले. गुंडाप्पांची मान ताठ होती. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

मग तिनं बटण दाबून धरलं. लाल वाढवलं, हिरवं वाढवलं. काच केशरी झाली, पिवळसर होऊ लागली. "सांगा, कुठं थांबू," ती म्हणाली. "अजून जरा?"

गुंडाप्पांनी तिचा हात धरला.

"आत्ता नगं."

"का? येतंय की जवळ."

त्यांनी काचेवरची नजर तिच्याकडं वळवली. मग कन्नडात म्हणाले, "मनिगी बा, मगळे." सात वर्षं त्यांच्यामागं बसून माझं कन्नड बेताचंच राहिलं, पण लेकीला घरी ये म्हटलेलं मला कळलं. पुढचं मराठीत आलं, बहुतेक मलाही साक्षीला धरायचं होतं. "हितं केलीस तर काम झालं, म्या गेलो. घरी ये अन् कर. दिवाळीला म्या येतो न्यायला."

शिवानीनं रंग पक्का न करताच बोट काढलं. काच पुन्हा निळी झाली.

"अन् ह्यास्नी?" तिनं विचारलं. "ह्यास्नी सोडून म्या येणार न्हाय, अप्पा."

खरी गाठ तिथं होती. त्यांचा मोडलेला शब्द, अक्कलकोटपुढं जोडलेले हात, सगळं त्या एका नावापाशी येऊन अडायचं. गुंडाप्पांनी तिचा हात सोडला नव्हता.

"जावई हाय माझा," ते म्हणाले. "तेला सोडून तुला कसं न्यावं? लोक काय म्हणतील मला?"

तीन वर्षं लोक काय म्हणतील म्हणूनच हा माणूस आला नव्हता. शिवानीनं कपाळ त्यांच्या दंडाला टेकवलं आणि ती हमसून हमसून रडली. मी गाडीतून उतरले आणि फाटकापाशी उगाच जास्वंद बघत उभी राहिले.

कचेरीला मला तासभर उशीर झाला. साहेब बोलले, मी ऐकून घेतलं.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा गाडी स्टँडवरच्या पॅसेंजरांनी भरलेली होती. टेप निळाच होता. तुळजापूरचा घाट उतरल्यावर ते हळूच म्हणाले, "ताई, दिवाळीला किती दिस ऱ्हायले?"

"अकरा, काका."

"अकरा," ते म्हणाले. नळदुर्ग यायच्या आत त्यांनी मला तेच आणखी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी अकराच सांगितलं. तीन वर्षं ज्यानं मोजली नव्हती त्याच्यानं हे अकरा दिवस काही निघणार नाहीत, असं मला वाटत राहिलं.